बाल्कनीतलं पालथं सूप

आधीच सांगते, मी नर्स आहे. चौदा वर्षं माणसं जाताना बघतेय, आणि ड्युटी संपली की डबा खाऊन घेते. वॉर्डात सावली दिसली म्हणणाऱ्या सिस्टरला मी "चष्म्याचा नंबर तपास" म्हणून पाठवलेलं आहे. तेव्हा हसायचं तर हसा... मीही हसलेच असते.

माझं माहेर गडचिरोलीत, अगदी हद्दीवर. नदीच्या पलीकडे छत्तीसगड. दिवसा पोलीस यायचे, दिवस कलला की जंगलातून बंदूकवाले. आम्ही त्यांना दादालोक म्हणायचो. दोघांनाही पाणी द्यायचं आणि दोघांनाही दुसऱ्याबद्दल काही सांगायचं नाही, हा गावाचा कायदा.

दादालोक घरात असले की माय शेणा-मेथीनं सारवलेलं सूप कुंपणावर पालथं घालायची. सारवलेलं सूप सगळेच वाळत घालतात, त्यामुळे कुणाला शंका येत नसे. पण आमच्या घरात त्याचा अर्थ एकच होता – आत माणसं आहेत, घरी येऊ नका. बाबा ते बघून परस्पर शेतावर निघून जायचे.

मी सात वर्षांची होते. मला लहान म्हणून हे सांगितलेलं नव्हतं. एका दुपारी आभाळ भरून आलं, सूप भिजेल म्हणून मी शहाण्या मुलीसारखं ते आत आणलं. थोड्या वेळानं बाबा घरी आले. "रस्ता दाखवायला चल," म्हणून दादालोकांनी त्यांना नेलं... ते परत आले नाहीत. सुपाचा अर्थ मला पुढे कळला. आत कुणी आणलं, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही शारजात अल मजाजला राहतो, खाडीसमोर, चौथ्या मजल्यावर. दुपारचे चार वाजले होते. मी ड्युटीवरून चालत येत होते. हवा इतकी दमट की समोरचे टॉवर अर्धे विरघळल्यासारखे दिसत होते. मी सवयीनं वर बघितलं.

आमच्या बाल्कनीच्या रेलिंगवर सूप होतं. पालथं. नुकतं सारवलेलं, ओलसर. मला शेणाचा आणि मेथीचा वास आला – हो, शारजात! पाय जागीच थांबले. मी बाकावर बसले. भीती नाही वाटली, उलट खूप शांत वाटत होतं, झोपेतून अर्धवट जागं झाल्यावर वाटतं तसं.

तेवढ्यात मुलीचा फोन. "ममा, आय कॅन सी यू! कम अप ना."

"इरा, बाल्कनीत काय वाळत घातलंय गं?"

ती बाहेर आली. सूप तिच्या कोपराला लागून होतं, मला स्पष्ट दिसत होतं. "नथिंग, ममा. देअर इज नथिंग हिअर."

आणि मला एकदम विनू आठवला. माझा धाकटा भाऊ. गावात त्याचं किराणा दुकान आहे, पोलीस कॅम्पवाले त्याच्याकडून सामान नेतात. म्हणून तो खबर देतो असा दादालोकांचा संशय. त्या दिवशी तालुक्याचा बाजार होता. तिकडे साडेपाच झालेले, म्हणजे तो परतीला निघालेला असणार. गावाकडे रेंज फक्त वाटेतल्या नाल्याआधीच्या टेकडीवर. मी फोन लावत राहिले... सातव्यांदा लागला.

"विनू, घरी सूप पालथं आहे."

लगेच गाडी वळवल्याचा आवाज आला.

घरी पाच दादालोक होते. विनूची वाट बघत अंधार पडेपर्यंत अंगणात बसले, जेवले, गेले.

दुसऱ्या दिवशी विनूचा फोन. "ताई, मायनं तुला कळवलं कसं? घरी तर रेंज नाही."

तो मायला टेकडीवर घेऊन आला होता. मी विचारलं, "माय, सूप कधी घातलंस?"

"कुठचं वं बाई! मला चुलीपासून उठूच नाही दिलं. सूप खुंटीलाच होतं. मी नुसती मनात घालत होते... पालथं घालते, पालथं घालते."

मग तीच हळूच म्हणाली, "त्या दिवशीही उठू दिलं नव्हतं. तू आत आणलं ते मी बघत होते. बोलले असते तर त्यांना समजलं असतं. तुझी चूक नाही, बाई."

चौतीस वर्षं तिला माहीत होतं. मी खाडीकाठी बसून लहान मुलीसारखी रडले.

नवरा म्हणतो उष्णतेनं झालं असेल. असेलही. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, आणि शोधायचं मी सोडलंय. फक्त रेलिंगच्या त्या जागी आता टॉवेल वाळत घालू देत नाही कुणाला. ती जागा मायला कधी लागेल, सांगता येत नाही.