मुनिअण्णाची झडती

फोन आला तेव्हा मी वजनकाट्यावर एका व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होतो. मुनिअण्णा गेला... खोपोलीतल्या माझ्या भंगारच्या गोदामात वीस वर्षं गॅसकटर चालवणारा मुनिअण्णा. महिना उलटला, राग उतरलेला नाही.

तो कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीवरचा. बापही तिथेच राबला. एका सकाळी गेटवर नोटीस लागली, पंप थांबले, खाणीत पाणी भरलं आणि चाळीच्या चाळी ओस पडल्या. माणसं मिळेल त्या गाडीत बसली. हा बायकोला घेऊन खोपोलीत उतरला.

कामाच्या पहिल्याच संध्याकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला. हात पसरले, तोंड उघडलं, एकेक पाय उचलून तळवा दाखवला. खाणीतून वर आलं की रोज अशीच झडती व्हायची. खरं सांगतो, सुरुवातीला मला बरंच वाटलं. आमच्या धंद्यात तांब्याला पाय फुटतात. पण वर्ष झालं तरी तो थांबेना, तेव्हा मी भडकलो.

"अण्णा, मी तुला चोर म्हटलं का रं कधी?"

"नाय शेठ. पण न दाखवता घरी गेलो, तर चोरी केल्यागत वाटतं. जेवण जात नाय."

पुढे त्याला धाप लागायला लागली. मीच डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे उजेडाला धरून ते म्हणाले, "छातीत दगडाची धूळ साचलीय. दगडखाणीत होतात का?"

"सोन्याच्या, सायेब." मग माझ्याकडे वळून खोकत हसला. "बघा शेठ, एवढं बाहेर आणलं, गेटवर कुणाला घावलं नाय!"

डॉक्टरही हसले. मला हसू आलं नाही...

गेल्या रविवारी एका पेपरच्या पुरवणीत त्या खाणीच्या गावावर पानभर लेख आला. साहेबांचे बंगले, क्लब, नाचाचा हॉल, सगळ्याचे फोटो, आणि आता हे कसं ओसाड पडलंय म्हणून हळहळ. खाणीत खाली उतरणाऱ्या माणसांवर एक ओळ नाही. डोकंच फिरलं माझं. आयुष्यभर घासाघीस करून उभा राहिलेला माणूस आहे मी. हा सौदा असा सोडणार नाही.

दवाखान्यांतल्या जुन्या एक्स-रे फिल्मा मी किलोवर घेतो. त्यातून चांदी निघते. मुनिअण्णाची फिल्म त्याच्या बायकोनं आणून दिली, "तुमच्या कामाची हाय," म्हणून. ती मी गठ्ठ्यात टाकली नाही. ऑफिसच्या खिडकीला चिकटवलीय. ऊन आलं की छातीभर पांढरे ठिपके दिसतात. त्या गावाचा हाही फोटो आहे. पेपरवाल्यांनो, बंगल्यांच्या शेजारी छापा.