खोडायचा राहिलेला ‘शक्यतो’

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टात होतो. पुढची तारीख घेतली, बाहेर आलो आणि जिन्यातच बसलो… खरं सांगायचं तर आधी रागच आला. काम अर्धवट टाकून जाणाऱ्यातली ही बाई नव्हती.

विमल कांबळे मूळच्या शाहूवाडीतल्या मलकापूरकडच्या. कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या. नव्वदच्या दशकात या प्रशिक्षणाचा कायदा होणार, मसुद्यावर सूचना मागवल्यात, असं कळलं तशा त्या माझ्या ऑफिसात आल्या. ‘जयभीम’ म्हणून उभ्यानंच बोलायला लागल्या. मसुद्यात एक वाक्य होतं : विद्यार्थिनींचे प्रशिक्षण शक्यतो ग्रामीण आरोग्य केंद्रात व्हावे.

“वकीलसाहेब, ह्यो ‘शक्यतो’ काढायला लावा.”

“अहो, कायद्यात थोडं सैल ठेवावंच लागतं. बसा तरी.”

“बसून काय हुतंय? पोरी शिकत्यात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर हाय, लाईट हाय, रक्त हाय. आन् नोकरी लागती शाहूवाडीच्या डोंगरात. तितं बाई अडली, तर पोरीनं तिला ‘शक्यतो’ सोडवायची व्हय?”

मग खुर्चीची पाठ धरून त्यांनी सांगितलं… त्यांची एक विद्यार्थिनी तशीच एकटी सापडली होती. बाळंतीण गेली, आणि त्या मुलीनं नोकरीच सोडली.

आम्ही सूचना धाडल्या, आमदारांना गाठलं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “शक्यतो करतो, ताई.” बाहेर रस्त्यात उभं राहून आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

कायदा झाला. शब्द राहिला. ताई मात्र मुलींना एसटीत घालून डोंगरातल्या केंद्रांवर न्यायला लागल्या. “बंदी तर न्हाय की,” म्हणायच्या. रिटायर झाल्यावरही दर महिन्याला येऊन विचारायच्या, कायद्यातल्या दुरुस्तीचं कुठवर आलं? मी वैतागायचो. त्या खुर्चीत न बसता येरझाऱ्या घालत राहायच्या.

परवा त्यांची मुलगी आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका तपासायला घेऊन आली. खाली छापलं होतं : सर्वांनी शक्यतो वेळेवर यावे. माझा हात पेनाकडं गेला.

“खोडा काका,” ती म्हणाली. “आईनं कवाच खोडला असता.”

खोडला. कायद्यातला अजून तिथंच आहे. मुलगी निघून गेल्यावर दुरुस्तीची जुनी फाईल काढली, कारकुनाला नव्यानं टाईप करायला दिली. समोरची खुर्ची रिकामीच होती, तशी ती ताई असतानाही असायची. आता मलाही बसवत नाही.