काल काय, आज काय, अडचण काय?

माझ्या धंद्यात एक गंमत आहे. लॅपटॉप बदलला की जुन्या फायली जातात, किस्से मात्र जात नाहीत. प्रत्येक टीम सोडताना चार-दोन पदरात पडतातच. पुण्यात बारा वर्षं काढून कोल्हापुरात परत आले तेव्हा वाटलं, आता जरा शांतता. कसली शांतता!

मी अजाईल कोच आहे. म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमला सांगत असते, मोठं काम लहान तुकड्यांत करा, रोज उभ्याउभ्या पंधरा मिनिटं एकमेकांशी बोला, चूक लवकर पकडा. ऑफिस राजारामपुरीत. तिथं गल्लीगणिक क्लास! त्यामुळं दारावर 'कोचिंग' अशी पाटी बघून पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलीचं दहावीचं मार्कलिस्ट घेऊन आत आले.

"अकरावी सायन्सला घेता न्हवं?"

मी म्हटलं, "काका, आमच्याकडं मोठी माणसं असतात. रोज पंधरा मिनिटं एकमेकांशी नीट बोलायचं कसं, ते शिकवते."

काकांनी मार्कलिस्ट घडी करून खिशात ठेवलं.

"असं हाय व्हय? मग आमच्या घरी या की!"

*

दर दोन आठवड्यांनी आमची टीम बसते आणि काय चांगलं झालं, काय बिनसलं ते चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवते. नाव घालायचं नाही, म्हणजे मोकळं लिहिता येतं. पहिल्या तीन बैठकांत सगळ्या चिठ्ठ्या 'एक नंबर!' मी वैतागले. म्हटलं, "खरं लिहा रे! मला राग येणार नाही."

पुढच्या वेळी भिंतीवर नऊ चिठ्ठ्या. त्यातल्या सातांवर एकच मजकूर, "मॅडम लई बोलतात."

राग खरंच आला नाही. रडू आलं, ते वॉशरूममध्ये जाऊन आवरलं. मग दोन आठवडे ठरवून गप्प. विचारलं तरच उत्तर.

पुढच्या बैठकीत एका चिठ्ठीवर होतं, "मॅडमना बरं न्हाय काय? कुणीतरी विचारा."

आणि त्याच्याच खाली, दुसऱ्या अक्षरात, "तूच विचार की. मला भ्या वाटतंय."

*

एखादं काम किती दिवसांचं, याचा अंदाज बांधायला आम्ही पत्ते वापरतो. त्यावर नुसते आकडे असतात. प्रत्येकानं आपल्या अंदाजाचा पत्ता टाकायचा आणि मग वाद घालायचा. हे काम आहे, हे माझ्या आईला पटायला वर्ष लागलं.

आमच्या सचिनचं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील बांधकामाचे ठेकेदार, मूळचे गवंडी. मुलगा कामावर कसा असतो ते बघायला एका सकाळी न सांगताच ऑफिसात आले. काचेतून बघतात तर होणारा जावई टेबलावर पत्ता आपटून ओरडतोय, "तेरा! तेराच्या खाली येत न्हाय मी!"

पाव्हणे तसेच मागं वळले. सचिन पांढराफटक! ती मुलगी त्याला मनापासून आवडली होती, हे सगळ्या टीमला ठाऊक होतं. मी धावत जाऊन त्यांना जिन्यात गाठलं.

"मामा, आलाच आहात तर दोन मिनिटं बसा."

बसवलं, समजावलं, पत्ते हातात दिले. पुढचं काम वाचून दाखवलं. एका जुन्या प्रोग्रॅमला नवा भाग जोडायचा होता. पोरांनी तीन टाकले, पाच टाकले. मामांनी वीस टाकला.

"वीस कशापायी?" सचिननं भीतभीत विचारलं.

"जुन्या भिंतीला नवी भिंत जोडायची म्हणताय न्हवं? जुनीला हात घातल्याबिगर आत काय हाय ते कळत न्हाय, पावणं."

त्या कामाला बरोबर वीस दिवस लागले.

लग्नात मामांनी मला हाताला धरून सगळ्या भावकीपुढं नेलं. "ह्या आमच्या जावयाच्या मॅडम. ऑफिसात पत्ते शिकवत्यात!"

*

आमचा वैभव शिरोळकडचा. एका पावसाळ्यात कृष्णा चढत होती आणि तो गावाकडूनच काम करत होता. रोजच्या कॉलवर परदेशातली क्लायंट हेलनसुद्धा असायची. प्रश्न तीनच. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. वैभवचं इंग्रजी जेमतेम, पण नियमाला पक्का. त्या दिवशी फोन हातात धरून भिजत उभा राहिला आणि म्हणाला, "यस्टर्डे, फोर बफेलोज शिफ्टेड. टुडे, मदर. शी इज रिफ्यूजिंग. ब्लॉकर, रिव्हर."

चार दिवसांवर रिलीज होतं, म्हणजे तयार प्रोग्रॅम हेलनच्या हातात द्यायचा होता. मी तोंड उघडायच्या आत हेलनच म्हणाली, "रिलीज थांबू दे. आधी आईला हलव."

टीममधली, महिनाभर वैभवशी एक शब्द न बोलणारी सुषमा उठली, ऑफिसातल्या कामांच्या बोर्डावरची त्याची सगळी कामं काढून आपल्या नावाखाली लावली आणि गपचूप जागेवर जाऊन बसली.

आठ दिवसांनी पाणी उतरलं. वैभव कॉलवर दिसला तसं हेलननं कामाचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "हाऊ इज मदर?"

"मदर इज फाइन," वैभव म्हणाला. "आस्किंग अबाउट रिलीज."

*

कबनूरला महावीरअण्णांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. माग बंद पडला की लगेच कळावं, अशी सिस्टीम त्यांना हवी होती. आम्ही मोठ्या स्क्रीनचं डिझाइन नेलं. अण्णा म्हणाले, "स्क्रीन नको. मागावर लाल दिवा लावा. मोठा. लांबनं दिसला पायजे."

तीनदा डिझाइन बदललं, तरी त्यांचं एकच, दिवा! शेवटी मी विचारलं, "अण्णा, नेमकं कशासाठी पाहिजे हे?"

ते मला गेटबाहेर घेऊन गेले. आत मागांचा गोंगाट. म्हणाले, "आमचे दस्तगीरचाचा. चाळीस वर्षं माग दुरुस्त करत्यात. इतक्या आवाजात कुठला माग बिघडलाय ते नुसतं ऐकून सांगायचे. आता कान गेले. माग बंद पडतो आणि चाचा पाठमोरे उभे. माणसं हसाय लागलीत. मी काय बोललो तर उद्यापासनं यायचे न्हाईत. मला ह्या हाताला धरून शिकवलंय त्यांनी. तुम्ही सांगा, नवीन टेक्नॉलॉजी हाय, आता सगळीकडं दिवेच असतात. चाचांना ह्यातलं काय कळू द्यायचं न्हाय."

आम्ही दिवे लावले. चाचा सगळ्यांच्या आधी मागापाशी पोचायला लागले. हसणं बंद झालं.

महिन्याभरानं मी विचारपूस करायला गेले. जेवणाची सुट्टी, सगळे माग बंद, कारखाना कधी नव्हे तो चिडीचूप. चाचांनी मला कोपऱ्यात बोलावलं. इकडंतिकडं बघितलं, तोंडावर हात आडवा धरला आणि त्यांच्या हिशोबानं अगदी हळू आवाजात, म्हणजे सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं बोलले.

"बाई, तुमच्या दिव्यांनी लाज राखली. मला ऐकू येत न्हाय आता. अण्णाला कळू द्यायचं न्हाय!"

डबे उघडत होते ते हात थांबले. कुणी मान वर केली नाही. अण्णा दहा हातांवर उभे होते. ते पुढं आले, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडासमोर येऊन मोठ्यानं म्हणाले, "चाचा, चला जेवायला. आणि त्या कडेच्या मागाचा आवाज मला जरा वेगळा वाटतोय. जेवल्यावर एकदा ऐकून सांगा."

"सकाळीच ऐकलाय मी," चाचा म्हणाले.