चादरीखालची डिस्क

मला झुरळांची भयंकर किळस आहे. जे काही झालं ते त्या किळसेपायीच.

वडील आयुष्यभर चादरींची डिझाइनं काढत आले. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत बसायचे. ते कागद पत्र्याच्या पेटीत असायचे आणि पेटीत झुरळं. काही वर्षांपूर्वी मी सगळे कागद स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातले आणि वडिलांना न विचारता रद्दीत देऊन टाकले. शिवाय कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर थाप मारून म्हणालो, "आता काळजी नाही, सगळं ह्यात आहे." त्यांनी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायला लागला आणि एके सकाळी तो सुरूच होईना. दुरुस्तीवाला घरी आला. त्यानं कॅबिनेटचा पत्रा काढला आणि मी दोन पावलं मागं सरलो. आत झुरळांनी संसार थाटला होता! गल्लीतल्या यंत्रमागांवरून उडून आलेली सुताची तुसं पंख्याला थरावर थर चिकटलेली. त्यात झुरळांची अंडी, एक वाळलेली पाल, आणि दर खंडेनवमीला मी भक्तिभावानं वाहिलेलं हळद-कुंकू नि झेंडूच्या पाकळ्या, जाळीतून आत पडून कुजलेल्या. आणि स्वच्छतेचा टेंभा मिरवणारा कोण, तर मी.

"ह्याच्यावर चादर कोन टाकलं?" त्यानं विचारलं.

"मीच. धूळ बसू नये म्हणून."

"चालू असताना पन?"

मी मान डोलावली. आमच्याकडे फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन, काहीही घरात आलं की त्याच्यावर चादर पडतेच.

"मग शिजलं की आतल्या आत," तो म्हणाला. त्यानं जुनी डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावून बघितली, कानाशी धरली आणि खाली ठेवली. "ह्यातलं आता काय निघायचं न्हाय. देव आला तरी."

नवी डिस्क बसायला पाव तास लागला. स्क्रीन लख्ख उजळली. आत एकही डिझाइन नव्हतं. ती लख्ख स्क्रीन बघून मला झुरळांपेक्षा स्वतःची जास्त किळस आली.

तो गेल्यावर मी सगळी घाण कॅबिनेटवरच्या त्याच चादरीत गोळा केली, नाक दाबून गाठोडं बांधलं आणि घंटागाडीत टाकायला निघालो. दारात वडील उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गाठोडं माझ्या हातातून घेतलं, अंगणात सोडलं, घाण झटकली. चादरीवर डाळिंबं होती. त्यांचंच डिझाइन, पहिल्या खेपेची नमुन्याची चादर. इतकी वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी कधी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

चादरीतून एक झुरळ निसटलं. वडिलांनी तिकडं लक्षही दिलं नाही. खाली बसून, चष्मा कपाळावर सारून, ते नखानं एकेक धागा मोजायला लागले.

"चौकटीची वही आन," ते म्हणाले. "येवढं एक तर उतरवून काढतो."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून गणिताची वही आणली. ती हातात घेताना त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"आन हे तुज्या मशीनीत घालू नकोस."

मी बरं म्हणालो आणि हात धुवायला आत गेलो.