बकलम खुद

तहसीलच्या नोटिशीवर पहिलं नाव भावाचं होतं, दुसरं माझं. वडील गेल्यापासून रेणापूर तालुक्यातल्या आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. हक्कसोडपत्र मी करून दिलेलं नाही आणि भावानंही कधी मागितलेलं नाही. शेत तो कसतो. मी नांदेडला शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. वर्षाकाठी ज्वारीचं एक पोतं आणि थोडी तूर एसटीच्या टपावरून माझ्याकडे येते, शेतीशी माझा संबंध एवढाच. त्यामुळे नोटीस हातात आली तेव्हा मी आधी घाबरले आणि मग भावाला फोन लावला.

"काही न्हाई आक्का," तो म्हणाला. "खालच्याची वाट बंद केली, तर गेला तहसीलला."

खालचा म्हणजे आमच्या उताराला ज्याचं शेत आहे तो शेजारी. त्याच्या शेताला दुसरा रस्ता नाही. आमच्या बांधाच्या कडेनं त्यांच्या बैलगाड्या जाताना मी लहानपणापासून बघत आले होते. या उन्हाळ्यात त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आमच्या ठिबकच्या नळ्या चिरडल्या, शब्दाला शब्द लागला, आणि भावानं जेसीबी आणून वाटेवर आडवी चारी मारली.

"पण वाट तर होतीच की रे."

"आपण जाऊ देत होतो म्हणून होती. त्यात हक्क कसला आला? तू फक्त जबाबावर सही कर. अशी वाट कधी नव्हतीच, असं वकिलानं लिहिलंय."

मी हो म्हणाले नाही. नाही म्हणायलाही जीभ रेटली नाही. उन्हातान्हात राबतो तो, आणि मी इथे पंख्याखाली बसून त्याला काय न्याय शिकवणार, असं वाटलं.

चार दिवसांनी तो स्वतःच नांदेडला आला. वडिलांच्या ट्रंकेत त्याला एक कागद सापडला होता. घडी उलगडताना कडांचा भुगा पडत होता. वर निजामाच्या काळातला स्टॅम्प, खाली सगळं उर्दू. कोपऱ्यात तेवढा वडिलांच्या अक्षरात, पेन्सिलीनं, शेताचा जुना सर्व्हे नंबर.

"शेत आपलं एकट्याचं, कुणाचा संबंध न्हाई, असंच असणार ह्यात," भाऊ म्हणाला. "तुमच्या नांदेडात वाचणारा मिळंल की."

वाचणारा मला माहीत होता. इथल्या इतवारा भागात एक बाइंडिंगचं दुकान आहे. तिथले म्हातारे चाचा आमच्या शाळेची रजिस्टरं बांधून देतात. शाळेच्या सगळ्यात जुन्या दाखल-खारीज रजिस्टराची पहिली पानं उर्दूत आहेत. कुणी आपल्या आजोबा-पणजोबांच्या नोंदीसाठी आलं की मुख्याध्यापक ते रजिस्टर माझ्या हाती देऊन चाचांकडे पाठवतात. चाचांचे वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्यामुळे कचेरीचं ते घाईत लिहिलेलं, मोडकं अक्षर चाचांना लहानपणीच वाचता येऊ लागलं. आता दुकान मुलगा बघतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असं सगळं चालतं. चाचा मागे खळ आणि सुईदोरा घेऊन बसतात.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गेले. चाचांनी हात पुसले, चष्मा बदलला आणि कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ नुसते ओठ हलत होते.

"इकरारनामा हाय, बाई. करार. तुमच्या आजोबाचा."

मग ते एकेक ओळ आधी उर्दूत वाचत आणि मग मराठीत सांगत गेले. माझ्या शेताच्या पूर्वेच्या बांधाला लागून खालच्या शेतवाल्यास जाण्यायेण्यास वाट दिली आहे. लादलेली बैलगाडी बेरोक जाईल एवढी. ही वाट मी किंवा माझे वारस अडवणार नाहीत. राजीखुशीनं लिहून दिलं.

म्हणजे भावाला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना अंदाज आला असावा, पण त्यांनी काही विचारलं नाही. बोट खाली नेत ते म्हणाले, "आणि ही सही. बकलम खुद. म्हणजे स्वतःच्या हातानं लिहिलेली. अक्षर लई चांगलं हाय."

"चाचा, ते नाही होणार. आमचे आजोबा अडाणी होते. अंगठा लावायचे."

आमच्या घरात ही गोष्ट सूर्य पूर्वेला उगवतो तितकी पक्की होती. 'माझा बाप अंगठेबहाद्दर, म्हणून मी पोटाला चिमटा घेऊन तुम्हाला शिकवलं,' हे वडिलांचं, आमच्या आबांचं, वाक्य ऐकत आम्ही मोठे झालो. आजोबांचे कागद मी पाहिले होते. सोसायटीचा, फेरफाराचा, वाटणीचा. सगळ्यांवर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा.'

"हे अंगठ्याचे कागद कव्हाचे?" चाचांनी विचारलं.

मी आठवून बघितलं. सगळेच्या सगळे निजामाचं राज्य गेल्यानंतरचे होते.

"मग बरोबर हाय," चाचा म्हणाले. "मदरशात, म्हंजी तवाच्या सरकारी शाळंत, चार यत्ता उर्दू शिकला असंल त्यो माणूस. पुढं कचेरीची जबान बदलली. कागद मराठीत आला. त्याला कुठं मराठी लिवता येत होतं? आमच्या अब्बाचंबी तसंच झालं. जागा तीच, दौत तीच, पण अर्ज लिहून घ्यायला माणूस येईना. जुलमी राज गेलं म्हणून रडले न्हाईत ते. लई जुलूम बघितला होता त्यांनीबी. पण हात रिकामा राहिला. मग हे बाइंडिंग शिकले."

मी घरी आले, पण डोक्यातून ते जाईना. मुक्तिदिनाला, सतरा सप्टेंबरला, झेंडावंदनानंतर मी दरवर्षी शाळेत भाषण करते. रझाकारांचा जाच, गावागावांतला लढा, आपल्या भाषेतल्या शाळा. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. ती मुक्तता झाली नसती तर माझ्यासारखी शेतकऱ्याची मुलगी मराठीतून एम.ए. झाली नसती. पण ज्या बदलामुळे मी शिकले, त्याच बदलात माझा आजोबा अडाणी झाला, आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या मुलालासुद्धा नाही. त्या काळात त्या लिपीचं नाव काढणं त्याला अवघड वाटलं असेल. की ज्या अक्षरांचा आता उपयोग नाही त्यांना विद्या म्हणायची त्याला लाज वाटली? मला कळायला मार्ग नाही. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, दखनी बोलणारी आहेत, तांड्यावरून येणारी आहेत. सोमवारी हजेरी घेताना मी नेहमीपेक्षा जास्त वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला नीट दिसत नसंल."

"दिसतं."

"मग कागद परत ट्रंकेत जाऊ दे. कुणाला म्हाईत हाय?"

"मला माहीत आहे. वाट नव्हतीच असं म्हणणाऱ्या जबाबावर मी सही करणार नाही."

"तुझं काय जातं आक्का! तिथं बसून इतिहास शिकवायचा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं.

मग एका सकाळी तो न सांगता दारात उभा. "मला घेऊन चल त्याच्याकडं," एवढंच म्हणाला. दुसरं काही निघतं का हे बघायला तो आला होता, मला माहीत होतं. चाचांनी तोच कागद, त्याच संथपणानं, पुन्हा वाचला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. सहीपाशी आल्यावर म्हणाला, "चाचा, हे तेनं कसं लिवलं असंल, दाखवा जरा."

चाचांनी रद्दीतला एक कागद ओढला आणि आमच्या आजोबांचं नाव उजवीकडून डावीकडे लिहिलं. भावानं ते दोनदा लिहायला लावलं. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "आबा मरेपर्यंत आपल्या बापाला अडाणी म्हणत राहिले गं."

त्यानं चारी बुजवली, पण लगेच आणि गोडीनं नाही. कागदात बैलगाडी आहे, ट्रॉली नाही, हा मुद्दा त्यानं काढला. नायब तहसीलदार जागेवर पाहणीला आले तेव्हा मीही गेले होते. शेजाऱ्याकडे काहीच कागद नव्हता. आमचा कागद आणि चाचांनी सांगितलेलं मी लिहून काढलेलं मराठी, दोन्ही मी पुढे केले. भावानं अडवलं नाही.

"बैलगाडीपुरती वाट देतो," भाऊ म्हणाला. "आज्यानं दिली तेवढी."

"बैल कुठाय आता?" शेजारी म्हणाला. "तुझ्याकडं तरी हाय का एक?"

खरंच नव्हता. गावात धुंडाळून दोन जोड्या निघाल्या असत्या. साहेब हसले, म्हणाले, कागदावर फूट-इंच नाहीत, तुम्हीच ठरवा. दोघं टेप घेऊन बांधावर गेले. बोरीच्या झाडापाशी वाट रुंद करायची तर आमची पिकाची दोन तासं, दोन अख्ख्या ओळी, जात होती. शेजारी म्हणाला, तिथं मी माझा बांध आत घेतो. ठिबकची नळी जिथे आडवी जाते तिथे जमिनीखालून लोखंडी पाइप टाकायचा आणि तो शेजाऱ्यानं आणायचा, असं ठरलं. आजोबांच्या कागदात यातलं काही नव्हतं. दोन तास घासाघीस चालली, एकदा भाऊ टेप टाकून निघूनही गेला आणि पाणी पिऊन परत आला. पंचनामा झाला.

शेजाऱ्याच्या घरी चहा घेतला तो मी एकटीनं. भाऊ आला नाही. शेजाऱ्याची म्हातारी आई ओसरीवर शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "आमची सासू सांगायची, हैद्राबादला मिलीत गेलेल्या दिराचं पत्र आलं की तुझ्या आज्याकडं न्यायची. त्यो वाचून दाखवायचा. पुढं आम्ही कव्हा नेलं न्हाई, कशाला कुणास ठाऊक." एवढं सांगून तिनं माझ्या ओच्यात मूठभर शेंगा घातल्या.

भावानं मला मोटरसायकलवरून फाट्यावर सोडलं. नांदेडची एसटी यायला वेळ होता. तो गाडीवरून उतरला नाही, पण निघूनही गेला नाही.

"ट्रॉली हळू ने म्हणावं त्याला," शेवटी तो म्हणाला. "नळ्या नव्या हायेत."

"तूच सांग की."

"मी बोलत न्हाई त्याच्याशी."

मी शेजाऱ्याला फोन लावला आणि भावाच्या हातात दिला. तो नको नको म्हणत होता, तोवर पलीकडून आवाज आला, आणि त्याला बोलावंच लागलं.