अर्धा कप अजून

माझी बायको एका चहापायी गेली, असं मी आजही मानतो. केमोनंतर आम्ही बेलवलीला मोठ्या भावाकडे राहिलो होतो. तिला ताप चढला तशी मी रिक्षा बोलावली. दादा म्हणाला, "चहा घेऊन निघा. साधा ताप आहे. दवाखाना काय पळून चाललाय?"

चहा झाला, तापाची गोळी झाली, ताप उतरला आणि दादाने रिक्षा परत पाठवली. दादापुढे बोलायची मला सवय नव्हती. सकाळी ती हाकेला ओ देईना. उल्हासनगरला इमर्जन्सीतला डॉक्टर माझ्यावरच ओरडला, "पांढऱ्या पेशी इतक्या कमी, आणि गोळीने ताप दाबलात? केमोच्या पेशंटला ताप आला की तडक आणायचं. शिरेतून अँटिबायोटिक लगेच लागतं!"

ती घरी परतली नाही.

यंदा दादालाच केमो सुरू झाली. मला वाईट वाटलं नाही. समाचाराला गेलो, तेही तो कसा दिसतो ते बघायला. वहिनी म्हणाली, "सकाळपासून कणकण आहे, भावोजी. आणि दात घासल्यापासून हिरड्यांचं रक्त थांबत नाही." दादा चादरीत कुडकुडत होता. दंडावर कुठे आपटल्याशिवाय उठलेले जांभळे डाग होते. याचा अर्थ त्या घरात फक्त मला कळत होता.

"चहा टाकू?"

"टाका."

बशीत ओतून, फुंकर घालून प्यायलो.

"थंडी वाजतेय रे," दादा म्हणाला.

"साधा ताप असेल," मी म्हणालो आणि कप पुढे केला. "वहिनी, अर्धा कप अजून."

तोही संपत आला तेव्हा दादाने विचारलं, "तिलाही अशीच थंडी वाजत होती का रे?"

इतक्या वर्षांत त्याने तिचा विषय पहिल्यांदा काढला. मी कप ठेवला आणि रिक्षा आणायला पळालो.

अंबरनाथच्या इस्पितळात शिरताच ओरडलो, "केमो चालू आहे, ताप आहे, रक्त थांबत नाही!" त्यांनी रांग बाजूला सारून त्याला आत घेतलं. हाताला सुई लावून अँटिबायोटिक सुरू केलं, प्लेटलेट मागवल्या. मी डॉक्टरांना एकेक लक्षण घडाघडा सांगत होतो. वहिनी शेजारी उभी राहून ऐकत होती.

दादा वाचला. येईल त्याला सांगतो, "धाकटा देवासारखा धावला." त्याला मी अजून माफ केलेलं नाही. वहिनी मात्र मी गेलो की चहा आणते, कप रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते आणि विचारते, "अर्धा अजून, भावोजी?"