उंची किती लागती?

समुद्राने माझ्या वर्गाला पहिला दणका दिला तो भरतीचा. शनिवारी शाळा सुटण्याआधी आम्ही फोन खिडकीच्या गजाला बांधायचो, कारण रेंज तेवढ्या एकाच गजाला होती. पलीकडे कोकणातली शाळा. तिथली एक मुलगी सांगत होती, उद्या मोठी भरती आहे, म्हणून बाबा आजच होडी वर ओढून ठेवणार. हे ऐकून माझ्या वर्गातला एक जण उभा राहिला आणि त्याने अगदी मनापासून विचारलं, "पोलिसची का मिलिटरीची? उंची किती लागती?"

त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. आमच्या बीड जिल्ह्यात चौसाळ्याकडे हायवेला पहाटे जाऊन बघा, गावोगावची पोरं भरतीसाठी पळत असतात. आमच्याकडे भरती निघते, भरती हुकते, भरतीपायी लग्नं लांबतात. पाण्यालाही भरती येते हे पुस्तकात होतं, मी ते शिकवलंही होतं, पण पुस्तकातला शब्द घरातल्या शब्दासमोर टिकत नाही. पलीकडची पोरं अशी हसत सुटली की त्यांच्या बाईंनी फोन पालथा घातला. मी आधी चिडले, मग मलाच हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत गोष्ट पारावर पोचली आणि पुढे कितीतरी दिवस लोक येता-जाता मला समुद्राची उंची विचारत राहिले.

पलीकडच्या बाई म्हणजे माझी डी.एड.ची मैत्रीण. समुद्र आणि त्यातले जीव कसे जपायचे हे मुलांना कळावं म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं होतं की तिच्या मुलांनी समुद्राचं आणि कोळीवाड्याचं खरं खरं सांगायचं, माझ्या मुलांनी त्यातून गोष्टी रचून त्यांना परत ऐकवायच्या, आणि चुकलं तर त्यांनी बिनदिक्कत टोकायचं. आमचे हेडमास्तर म्हणाले, बीड जिल्ह्यात बसून समुद्र वाचवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. असं कोणी म्हटलं की माझा हट्ट दुप्पट होतो.

पोरांना त्यात गोडी लागली. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून होड्या काठावर बसून राहतात, हे त्यांना फार पटलं. बारीक डोळ्यांच्या जाळ्यात पिलंही गावतात, प्लास्टिकची पिशवी कासवाला खाणं वाटते, हेही कळलं. एका हुशाराने नकाशा काढून सिद्ध केलं की आपल्या ओढ्यातली पिशवी गोदावरीतून पार पूर्वेच्या समुद्रात जाते, तेव्हा कोकणाला काहीच त्रास नाही. पूर्वेकडची कासवं तुझी दुश्मन आहेत का, असं विचारून मी त्यालाच ओढ्यातल्या पिशव्या वेचायला पुढे घातलं.

गोष्ट सांगण्यात सगळ्यांच्या वरचढ होती सातवीतली एक मुलगी. तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळीबरोबर हीही जायची, कारखान्याजवळ उसाच्या पाचटाच्या कोपीत राहून धाकट्या भावाला सांभाळायची, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायची ती अपूर्णांक साफ विसरून. तिने रचलेल्या गोष्टीतली कासवी अंडी घालून पाण्यात बसायची आणि तिथून नजर लावून पिलं वाढवायची. हे तिने नारायणगडावर कीर्तनात ऐकलं होतं. कोकणातल्या मुलांनी लगेच टोकलं. कासवी अंडी वाळूत पुरते, निघून जाते, त्या अंड्यांकडे परत फिरकत नाही. कुत्री-कोल्ही ती उकरतात, म्हणून गावातली माणसंच जाळीचं कुंपण घालून राखण करतात. पोरगी संतापली. कसली आई हाय ही, म्हणाली, आणि तास संपेपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

त्या वर्षी आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होणार होतं. आई-वडील उसाला गेले तरी मुलांनी गावातच राहून शिकावं, यासाठी. तिला राहायचं होतं. मी तिच्या घरी गेले. वडिलांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू, बाई." आमच्याकडे 'बघू' म्हणजे सभ्य भाषेतलं नाही. मी उठता उठेना, तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. "लेकरं मागं टाकून गेला म्हणत्याल लोक." भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले, आणि सबंध वाट स्वतःवरच चिडत राहिले.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही पालकांना बोलावलं. गणेश मंडळाचा स्पीकर आणला. पलीकडेही कोळीवाड्यातली थोरली माणसं येऊन बसली होती. मुलीचे वडील आत आले नाहीत, दारातच चौकटीला टेकून उभे राहिले.

तिने कासवीची गोष्ट सांगितली, पण आता ती बदललेली होती. कासवीला नजर लावून बसायचं होतं, पण पोटासाठी लांब जावं लागलं. जाताना तिने वाळूला विचारलं, माझ्या लेकरांकडे कोण बघणार? वाळू काही बोलली नाही. जाळं विणत बसलेला कोळी म्हणाला, तू जा, नजर आम्ही लावतो.

पलीकडे टाळ्या वाजल्या. मग होडीवाल्याची मुलगी म्हणाली की तुमच्याकडे समुद्रच नाही, तर तुम्हाला भरती-ओहोटी नीट कशी कळणार? वर्ग खुसखुसला. आमची पोरगी मात्र हसली नाही.

"आमच्या गावाला बी हाय," ती म्हणाली. "दसरा झाला की ओहोटी लागती. समदी उसाला जात्यात. पाडव्याला भरती येती."

पलीकडून विचारणा झाली, ओहोटीला आमच्याकडे शिंपले, खेकडे मागे राहतात, तुमच्याकडे काय राहतं?

"म्हातारी माणसं. कोंबड्या." मग ती दाराकडे न बघता म्हणाली, "आन् औंदा मी. बारका बी."

भरल्या वर्गात, स्पीकरवरून, दोन जिल्ह्यांसमोर तिने बापाच्या वतीने निर्णय सांगून टाकला होता. वडील चौकटीवरून हलले नाहीत.

सगळे गेल्यावर ते माझ्याकडे आले. रुमाल झटकला, परत खांद्यावर टाकला. कोळी लोक त्या अंड्यांची राखण रात्रीही करतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, करतात. मग इथं रात्री कोण असतं? मी सांगितलं, स्वयंपाकाच्या मावशी मुक्कामी असतील, आणि माझं घर हाकेवर आहे.

पोरगी खिडकीशी फोनची सुतळी सोडत होती, आणि ती गाठ तिला मुळीच सुटत नव्हती.

"मंग दोघांला बी घ्या भरती करून," ते म्हणाले. "फकस्त उंची मोजू नका, बाई. बारका लई बुटका हाय."